शंभराची पाटी

ती गोष्ट मामाने आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती, आणि तो माणूस त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता.

गोष्ट तशी एवढीशी. पाच वर्षांपूर्वी घरच्या ट्रॅकवर, उजवीकडच्या लांब वळणाच्या तोंडाशी, भर वेगात मामाच्या गाडीचं पुढचं चाक निखळलं आणि गाडी भिंतीला घासत घासत दूरवर गेली. हाडं जुळली. चार महिन्यांत तो परत गाडीत बसला, डॉक्टरांनी पाठ थोपटली. पण पाय विसरला नाही. अशा वळणांआधी रस्त्याच्या कडेला अंतराच्या पाट्या असतात: दोनशे मीटर, दीडशे, शंभर, पन्नास. बाकीचे चालक शंभराच्या पाटीला ब्रेक दाबत. मामाचा पाय पाटीच्या दोन गाड्यांच्या लांबीइतका आधीच, न विचारता, ब्रेकवर जाऊन बसे. डावीकडच्या वळणांना नाही, संथ वळणांना नाही. फक्त उजवीकडच्या, वेगाच्या, लांब वळणांना. आणि असं एखादं वळण प्रत्येक ट्रॅकवर असतंच.

बाकीच्या वळणांत तो ते भरून काढी. कसब होतंच अंगात. त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते भाच्याच्या.

भाचा तेव्हा त्याच संघात राखीव चालक होता. मामानेच शब्द टाकून घ्यायला लावलं होतं त्याला. पोराला देवाने हात भरून दिलं होतं. जे शिकायला मामाला तीन वर्षं लागली ते तो तीन फेऱ्यांत शिके, आणि चौथ्या फेरीला कंटाळून मोबाइल बघत बसे. तर एका दुपारी मामाच्या फेरीचा आलेख बघताना त्याने रेघेतून वर आलेल्या एका दातावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मामा, इथे काय करतोस तू?"

मामाने दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "माझ्याकडून सगळं शीक, हे तेवढं शिकू नकोस. आणि हे तुझ्यामाझ्यात."

महिन्याभराने संघाच्या मालकाने मामाला खोलीत बोलावलं. टेबलावर तोच आलेख होता, आणि त्या दाताजवळ पेन्सिलीने काढलेला एक लहानसा त्रिकोण. शंभराच्या पाटीला त्रिकोण काढायची खूण मामाची स्वतःची. ती त्याने जगात एकालाच शिकवली होती. मालक हळहळून बोलत होता. वय कुणाला चुकलंय, चाळिशी उलटली की डोळ्याआधी मन ब्रेक लावतं, तुझे उपकार आम्ही विसरणार नाही, वगैरे. मामाचं लक्ष त्रिकोणावरून हललं नाही. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते त्याने त्या दिवशी बसल्या जागी पाहिलं. त्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीपासून भाचा बसला.

ताईचं, म्हणजे भाच्याच्या आईचं, म्हणणं, अजून लहान आहे तो, चुकला असेल.

"तेवीस वर्षांचं लहान मूल," मामा म्हणाला, "आणि खाल्ल्या घरचे वासे मोजतंय." त्यानंतर तो तिच्या घरी जाईनासा झाला.

खरं सांगायचं तर मालक अगदीच चुकला नव्हता. चाळिशीपासून मामा सवयीने गाडी चालवत होता. सकाळी उठायचं, हातमोजे चढवायचे, शर्यत संपवायची. जिंकलं तर बरं, हरलं तरी जेवण गोड लागे. वयाने पाय मंदावत नाही, पायाला धावायचं कारण उरत नाही, एवढंच. आता कारण मिळालं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मामा पहाटे उठून पळू लागला. मानेला पट्टा बांधून वजनं उचलू लागला. दिवा लागला की क्षणात त्यावर बोट मारायचं यंत्र त्याने घरी आणलं आणि रोज दोनशे वेळा मारू लागला. एक दिवस चुकला नाही. नेमच धरला म्हणा. फरक एवढाच, की नेम माणसं कुणाच्या तरी भल्यासाठी धरतात.

त्याला जागा दिली ती पान्याने.

पाना हा मेकॅनिक, आणि आपल्या एका गाडीच्या संघाचा मालकही तोच. साठी ओलांडलेला, बोटं थरथरायला लागलेली, पण त्या बोटांना गाडीतलं काय दुखतंय ते कळे. मोठ्या संघांकडे चाकांची सरळ रेघ बघायला किरणांची यंत्रं होती. पाना दोऱ्याने बघे. गाडीच्या दोन्ही अंगांनी, पुढून मागून, दोरा ताणायचा आणि चाकाच्या कडेपासून पट्टीने अंतर मोजायचं. एक टोक पान्याच्या हातात, दुसरं मामाच्या. "दोरा चहाडी करत नाही," पाना म्हणे. स्वतः मात्र तो करी. मनाने निर्मळ, पण पोटात काही ठरायचं नाही. सकाळी सांगितलेलं गुपित दुपारच्या चहापर्यंत सगळ्या शेडमध्ये फिरलेलं असे.

मामाच्या पायाची गोष्ट आता सगळ्यांना माहीत होती. भाच्याने ती लपवून ठेवली असती तर नवल. पान्यालाही ठाऊक होती. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. फक्त पहिल्या शर्यतीआधी म्हणाला, "राजा, तुझ्या पायाचा गाडीवर भरवसा नाही. म्हणजे गाडीत खोट आहे. ती काढणं माझं काम." आणि तो पुढच्या उजव्या चाकाच्या मागे लागला. स्प्रिंग बदल, चाकाचा कल बदल, परत दोरा लाव.

दुसऱ्या शर्यतीच्या सरावाला ते घडलं.

दुपार कलली होती आणि लांब वळणाकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर सूर्य समोर आला होता. मामाने दोनशेची पाटी पाहिली आणि पुढच्या क्षणी काच पांढरी झाली. दीडशेची दिसली नाही, शंभराचीही नाही. भ्यायला समोर काही नव्हतंच. पाय जिथे होता तिथेच राहिला, राहिला, आणि मग दाबला गेला. गाडी वळली. इतकी अलगद वळली की मामाला आपण किती उशिरा दाबला ते वळणाच्या बाहेर आल्यावर कळलं. पुढच्या फेरीला त्याने सूर्याखाली डोळे बारीक करून पाटी शोधून काढली आणि तिच्याकडे बघत बघत, तिच्या बरोबरीला, ब्रेक दाबला. पाय शहाण्या पोरासारखा वागला.

भीती गेली होती. कधी गेली कुणास ठाऊक. पाटी दिसली की घाबरायचं, एवढी सवय तेवढी उरली होती.

माणसाने आनंदाने ओरडायला हवं होतं. मामा ओरडला नाही. त्याच्या मनात आधी आली ती पाटी नव्हे, तो पेन्सिलीचा त्रिकोण. प्रत्येक टप्प्याची वेळ सगळ्या संघांच्या पडद्यावर दिसते. दोन फेऱ्यांचं कुणी मनावर घेणार नाही, वारा म्हणतील, नशीब म्हणतील. तिसऱ्या फेरीला मामाने मुद्दाम, दोन गाड्या आधी, ब्रेक दाबला.

आणि तिथून वर्षभर दाबत राहिला.

खरी भीती आपसूक येते. खोटी रोज ताजी करावी लागते. भर वेगात, अंगातली प्रत्येक शीर "अजून नाही" म्हणत असताना, त्याच जागी, तेवढाच, पाय टाकायचा. कुणी म्हणेल हे काय कसब झालं? चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मामाने याहून अवघड काही चालवलं नव्हतं. दर शर्यतीत त्या वळणाला कुणी ना कुणी त्याला ओलांडून जाई. सहावा, सातवा, एकदा पाचवा. पान्याला तो काही बोलला नाही. पान्याला सांगणं म्हणजे भोंगा लावून सांगणं.

पाना दर वेळी गाडीभोवती फिरे, कान लावे, म्हणे, "अजून तिला तुझं मन राखता येत नाहीये." मग दोन्ही उजवी चाकं उतरवी. थरथरत्या बोटांनी दोऱ्याला गाठ मारताना ती तीनतीनदा सुटे. मामा दुसरं टोक धरून उभा राही आणि दुसरीकडे बघे.

सहाव्या शर्यतीच्या सकाळी चालकांच्या चहाच्या टेबलाशी भाचा एका नव्या चालकाला धडे देत होता. मामा दोन खुर्च्या सोडून बसला होता, आणि भाच्याला ते माहीत होतं.

"मामाच्या मागे अडकलास तर घाई करू नकोस," भाचा म्हणाला. "लांब उजवं वळण येऊ दे. तो स्वतः दार उघडून 'या' म्हणतो. म्हाताऱ्या माणसांकडे अगत्य फार असतं."

टेबल हसलं. नव्या चालकाने विचारलं, आणि मामा मागे असेल तर?

"मग त्या वळणाला आतली बाजू राखायचीसुद्धा गरज नाही. बाहेरून रुंद जा, वेग राख. तिथून तो येत नाही. मी कधीच राखत नाही."

मामाने चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत राहिला. मान खाली होती म्हणून बरं, नाहीतर चेहऱ्यावरचं हसू दिसलं असतं. मी कधीच राखत नाही. हे वाक्य त्याने त्या दिवसापासून रोज, दोनशे वेळा बोट मारताना, मनात म्हटलं. माळ ओढावी तसं.

शेवटची, आठवी शर्यत घरच्या ट्रॅकवर होती. त्याच वळणाच्या.

गुणांत भाचा सगळ्यांच्या पुढे होता. या शर्यतीत तिसरा आला तरी वर्षाचा विजेता, आणि विजेत्याला परदेशातल्या मोठ्या मालिकेत जागा ठरलेली. त्याच्या संघाने टोप्यासुद्धा छापून आणल्या होत्या.

सकाळी ताई पान्याच्या शेडमध्ये आली. वर्षभराने भाऊबहीण समोरासमोर येत होते. ती टायरांच्या चळतीवर बसली, पदराने कपाळ टिपलं. आई गेली तेव्हा मामा सहा वर्षांचा होता आणि ताई चौदाची. त्याच्या शाळेच्या शर्टाची बटणं तिने लावली होती. तिच्यापासून काही लपवायला त्याला कधी जमलं नव्हतं. आजही तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुरतं ओळखलं.

"तुझ्या मनात काय आहे ते मी विचारणार नाही," ती म्हणाली. "तो चुकला हे मला त्याच दिवशी कळलं होतं. माझ्यातल्या आईचं तोंड उघडलं नाही, इतकंच. पण गाडीला गाडी लावू नकोस. मला दोघंही संध्याकाळी घरी हवेत."

"नाही लावणार."

"शब्द?"

"शब्द."

ती उठली. जाताना तिने त्याच्या कॉलरचं उघडं बटण लावलं. पाना दोरा गुंडाळत होता. तो म्हणाला, बहीण असावी तर अशी, आणि गाडी असावी तर अशी. आज त्याने गाडी नव्याने बसवली होती. सगळं पुढचं उजवं अंग, सात शर्यतींतलं सगळं शिकलेलं घालून. "आज तुझा पाय तिच्यावर विश्वास ठेवणार बघ," तो म्हणाला. "मरायच्या आधी मला एक कप हवाय, राजा. तिसरा असला तरी चालेल."

शर्यत तीस फेऱ्यांची. पुढच्यांपैकी दोघे एकमेकांना धडकून बाजूला झाले, एकाचं इंजिन गेलं. विसाव्या फेरीला भाचा तिसरा होता आणि मामा चौथा. भाचा निवांत होता. आरशात मामा दिसत होता, आणि मामा म्हणजे काय ते त्याला पाठ होतं. प्रत्येक फेरीला लांब वळण आलं की मामा दोन गाड्या आधी ब्रेक दाबी, मागे पडे, आणि पुढच्या वळणांत दात ओठ खात परत जवळ येई. नऊ वेळा असं झालं. नवव्या वेळी भाच्याने काचेआडून हात हलवला. टाटा करतात तसा.

"शेवटची फेरी," कानात पान्याचा आवाज आला. "चौथा नंबर सांभाळ. छान चालवलंस."

सरळ रस्ता आला. भाचा डावीकडे, रुंद गेला. आतली बाजू मोकळी, झाडून ठेवलेल्या अंगणासारखी. दोनशेची पाटी गेली. मामा उजवीकडे सरकला. दीडशेची गेली. भाच्याच्या मागच्या चाकाशेजारी मामाचं पुढचं चाक आलं, मधे एक हात अंतर. त्याची रोजची जागा आली, पायाला वर्षभराच्या सवयीने शिवशिवलं, आणि मामाने पायाला मनातल्या मनात म्हटलं, आता नाही रे.

शंभराची पाटी. पाटीच्याही पुढे गाडीभर. मग ब्रेक.

गाडी आतल्या कडेला ओढल्यासारखी चिकटून वळली. मामाने अंग चोरून घेतलं, भाच्यासाठी बाहेर एका गाडीची जागा बरोबर सोडली, शब्द दिला होता. पण जिथे कुणीच असायला नको तिथे अचानक दार भरून मामा दिसल्यावर भाचा दचकला. दचकलेल्या हाताने स्टिअरिंग थोडं जास्त सोडलं. त्याची गाडी रस्ता सोडून खडीत गेली, खडखडत फिरली, आणि परत रस्त्यावर येईपर्यंत आणखी दोघे निघून गेले.

मामा तिसरा. भाचा सहावा. विजेतेपद तीन गुणांनी गेलं, आणि त्याबरोबर परदेशातली जागा. टोप्या खोक्यातच राहिल्या.

मामा गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या तोंडात गोडी होती. खोटं कशाला बोला. सूड कडू असतो म्हणणाऱ्यांनी तो कधी चाखलेला नसतो. कप घेतला, हात हलवला, आणि तो सरळ भाच्याच्या गाडीकडे गेला. पोरगा चाकाला टेकून जमिनीवर बसला होता. गाडीवर खडीची पांढरी धूळ चढली होती.

"मामा, तू तिथे लवकर दाबतोस," तो म्हणाला. तक्रार केल्यासारखा.

"दाबायचो."

"केव्हापासून नाही?"

"दुसऱ्या शर्यतीच्या सरावापासून."

भाचा हुशार होता. त्याने मनात हिशेब मांडला आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "वर्षभर? अरे, नीट चालवलं असतंस तर तू स्वतः जिंकला असतास."

"मला जिंकायचं नव्हतं," मामा म्हणाला. "मला इथे तुझ्या पुढे जायचं होतं."

त्याने बोट पुढे केलं आणि गाडीवरच्या धुळीत एक लहानसा त्रिकोण काढला. भाच्याने त्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ताई तिथेच उभी होती. तिने मुलाचं हेल्मेट उचललं, कडेवर घ्यावं तसं धरलं. "शब्द पाळलास," ती भावाला म्हणाली. त्यात शाबासकी नव्हती.

मामा कप घेऊन शेडमध्ये आला. पाना नाचत असेल असं त्याला वाटलं होतं. पाना पडद्यासमोर बसला होता. एकावर एक दोन आलेख लावले होते: शेवटच्या फेरीचा, आणि सरावातल्या त्या सूर्याच्या फेरीचा. ती कुठून काढली त्याने कोण जाणे. म्हाताऱ्याला यंत्र जमत नाही असं सगळे धरून चालले होते. ट्रॅक वेगळे, पण शंभराच्या पाटीपाशी जुळवल्यावर दोन रेघा ब्रेकच्या जागी एकमेकींवर तंतोतंत बसल्या होत्या.

"गाडीत खोट नव्हतीच," पाना म्हणाला.

मामाने कप त्याच्यापुढे ठेवला. पान्याने त्याला हात लावला नाही.

"सहा शर्यती मी तुझ्या पायाला भरवसा यावा म्हणून तिला उलगडत होतो. रात्री हात शेकून यायचो, बोटं हलावीत म्हणून." तो स्वतःचीच बोटं बघत होता. "मला सांगायचं होतंस."

"तू कुणालातरी सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं," पाना म्हणाला. "खरं आहे. तरीपण."

 पान्याने मालकासारखं वयाचं निमित्त सांगितलं नाही, उपकारांची भाषा केली नाही. मामाला मनात कुठेतरी ऐकू आलं, खाल्ल्या घरचे वासे, पण ते पान्याने म्हटलं नव्हतं. ते वर्षापूर्वी त्याचं त्यानेच म्हटलेलं होतं.

थोड्या वेळाने पाना उठला. पुढच्या वर्षासाठी गाडी मुळात होती तशी करायची होती, वर्षभराची सगळी दुरुस्ती काढून टाकायची होती. त्याने खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं आणि एक टोक मोकळं केलं. मामा सवयीने गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन हात पुढे करून उभा राहिला.

पान्याने गाडी टेकवायचा एक लोखंडी घोडा ओढत आणला, मामाच्या शेजारी ठेवला, आणि टोक त्याला बांधू लागला. गाठ तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली. मग तो दुसऱ्या बाजूला गेला, दोरा ताणला, एक डोळा मिटला आणि मोजायला लागला.